थंडी तुमले गोड लागस

चंपाषष्ठी होऊन आठवडा उलटला होता. चोपड्याच्या बाजूला, माहेरच्या शेतात भरीत पार्टी होती. आमच्याकडे थंडी सुरू झाली हे पंचांग सांगत नाही, भरिताची वांगी सांगतात. बांधालगत कपाशीच्या वाळल्या काटक्यांचा जाळ केला होता. तेलाचा हात लावलेली हिरवी, गुबगुबीत वांगी त्यात भाजत होती आणि साल तडकताना येणारा तो ओलसर, करपट वास सगळ्या मळ्यात भरला होता. दादा लाकडी बडजीत भरीत ठेचत होता, वहिनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळत होती, पोरं केळीची पानं धुऊन अंथरत होती. भाचा पुण्याहून आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साठवलेल्या पैशांतून त्याने नुकताच एक तंबू घेतला होता आणि तो मोबाइलवर मला त्याचे फोटो दाखवत होता. दाखवता दाखवता म्हणाला, "आत्या, तू इतकी फिरलीस, एकच सांग. डोंगरात आणि वाळवंटात तंबू टाकून राहायला बेस्ट सीझन कोणता?" मी कांद्याची पात मोडत होते. विचारही न करता म्हणाले, "डिसेंबर-जानेवारी. दोन्हीकडे. थंडीसारखं सुख नाही."

जाळाच्या पलीकडे आबा, माझे वडील, बसले होते, दोन्ही तळवे आगीकडे करून. ते हळूच म्हणाले, "थंडी तुमले गोड लागस. केयीसले नही लागत." थंडी तुम्हाला गोड लागते, केळींना नाही लागत. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले, बॅटरी घेतली आणि केळीच्या बागेत गेले. ते बोलणं तिथेच संपलं. कुणाला त्यात काही वाटलंही नसेल, कारण आबा असे अधूनमधून उठून बागेत जातातच. पण मी ज्या बाजूला बसले होते तिथून बॅटरीचा उजेड दिसत होता. तो एकेका खोडापाशी थांबायचा, वर पोग्याकडे, शेंड्यातल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानाकडे जायचा, खाली यायचा, पुढे सरकायचा. पार्टी संपून भांडी घासून झाली तरी तो उजेड बागेतच होता.

त्या रात्रीपासून हे उत्तर मला सलतंय.

मी शाळेत भूगोल शिकवते. 'ऋतू' हा धडा मी किती वर्षं शिकवला असेल, मोजदाद नाही. फळ्यावर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन रकाने आखायचे आणि प्रत्येकात महिने भरायचे. स्वतःच्या भटकंतीचेही मी तसेच रकाने आखले होते, हे आता कळतं. शिक्षकाचं फिरणं डोंगराच्या वेळापत्रकाने होतच नाही, ते सुट्ट्यांच्या वेळापत्रकाने होतं. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी आणि सव्वीस जानेवारी शनिवार-रविवारला चिकटून आली तर ते तीन दिवस. आम्ही चार मैत्रिणी. चौघी मास्तरणी, चौघींच्या घरी म्हातारी माणसं आणि लहान मुलं. मिळेल त्या दिवसांत मिळेल तिकडे जायचं आणि परत आल्यावर 'काय मस्त हवा होती' म्हणायचं. कुठल्या ऋतूत कुठे जावं असा प्रश्न आम्ही कधी घातलाच नाही. घातला असता तरी उत्तर सुट्टीच्या परिपत्रकातच शोधलं असतं.

अशाच एका सव्वीस जानेवारीला आम्ही तोरणमाळला गेलो होतो. शहाद्याहून गाडी घाट चढायला लागली आणि खिडकीतून येणारी हवा वळणागणिक बदलत गेली. हे मला माहीत होतं. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आमचं गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आणि तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर. म्हणजे सहा अंशांचा फरक. गणित सोपं होतं. म्हणून वर पोहोचल्यावर मी शहाण्यासारखं सुचवलं की उंचावर वारा लागेल, आपण खालच्या खोलगट जागेत तंबू टाकू. जागा फार देखणी होती. तिन्ही बाजूंनी उतार, मध्ये मऊ गवत, वाऱ्याचं नाव नाही. रात्री दहापर्यंत सगळं छान होतं. अकराच्या पुढे जमिनीतून काहीतरी वर चढायला लागलं. एकाला दोन चादरी, दोनाला तीन असं करत करत आम्ही चौघी शेवटी पायमोजे हातात घालून एकमेकींना चिकटून बसलो. पहाटे तंबूच्या आतल्या कापडाला बोट लावलं तर आमच्याच श्वासाचं पाणी तिथे थेंब थेंब धरून बसलेलं, आणि बाहेरच्या गवताच्या पात्यांवरचं दव दातांखाली साखर करकरावी तसं बुटाखाली करकरत होतं. गोठलेलं दव मी तोवर पुस्तकातच पाहिलं होतं. मी खाली वाकून एक पातं उचललं. त्याच्या कडेला बारीक काट्यांसारखे पांढरे कण एका ओळीत उभे होते. हाताच्या उबेने ते एकेक करून विरघळत गेले आणि शेवटी नुसतं ओलं पातं हातात उरलं.

त्या पहाटे आमच्या तंबूपाशी एक पावरा आदिवासी आजोबा आले. आमच्याकडे, मग वरच्या उताराकडे बघितलं आणि हाताने वर दाखवलं. मध्यावर. तिथे त्यांचं झोपडं होतं. माथ्यावर नाही, तळाशी नाही, मधोमध. मी वर चढून गेले तर खरोखरच तिथे हवा निराळी होती, हाताला बोचत नव्हती. तेव्हा माझा धडा माझ्याच डोळ्यांसमोर उलगडला. उघड्या आकाशाखाली जमीन आपली ऊब वर सोडून देते, तिच्या अंगाला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली जाऊन खोलगट जागेत साचते. आम्ही रात्रभर त्या थंडीच्या तळ्यात झोपलो होतो. उंचीचं गणित मला पाठ होतं, पण उताराकडे मी बघितलंच नव्हतं.

मात्र परत येताना गाडीत आम्ही चौघी खूश होतो. 'काय थंडी, काय थंडी' करत होतो. यशवंत तलावावरचं धुकं, सीताखाईच्या कड्यावर बसून प्यालेला चहा, शेकोटीच्या धुराने भरलेले केस. घरी आल्या आल्या मी दादाला फोन केला आणि तेच सांगायला लागले. तो हं हं करत होता. मग म्हणाला, "इकडे पण फार पडली गं यंदा. आबा तीन रात्री झोपले नाहीत." मी म्हटलं, काळजी घ्या. आणि पुन्हा तलावाकडे वळले.

वाळवंट मला दिवाळीच्या सुट्टीत भेटलं. आम्हा खानदेशवाल्यांना एका बाबतीत फार सोय आहे, गाडीत बसलं की सुरत, आणि सुरतेहून पुढे गुजरात-राजस्थान हाताशी. जैसलमेरजवळच्या सम गावच्या टेकड्यांवर आम्ही दोन रात्री होतो. तिथे सजवलेले मोठे मोठे तंबू आणि रात्री गाणीबजावणी असते. आम्ही त्यापासून लांब, एका उंटवाल्याच्या ओळखीने नुसत्या गोधड्या टाकून उघड्यावर झोपलो. सूर्य बुडाला तसा वाळूचा रंग गेला आणि पाठोपाठ तिची ऊबही गेली. मी सहज बोटं वाळूत खुपसली. वरची चिमूटभर वाळू गार पडली होती, पण मनगटापर्यंत हात गेला तर आत अजून दुपार होती. कितीतरी वेळ मी हात तसाच ठेवून बसले. बोटांना ऊब, कोपराला गारवा. पहाटे पुन्हा हात घातला तेव्हा ती दुपार आणखी खाली सरकली होती. शेजारच्या वाळूवर रात्रीतून किड्यांच्या पावलांची बारीक टाचणीची शिलाई घातल्यासारखी नक्षी उमटली होती. वारा सुटला आणि ती बघता बघता मोडली.

त्या उंटवाल्याला मी हाच प्रश्न विचारला होता, भाच्याने मला विचारला तो. इथे यायला चांगला काळ कोणता? त्याने दोन उत्तरं दिली. म्हणाला, तुमच्यासाठी कार्तिक ते माघ. माघी पौर्णिमेला मरू महोत्सव असतो, तेव्हा या, सगळे तेव्हाच येतात. आणि आमच्यासाठी सावण. मग त्याने एक दोहा म्हणून दाखवला, सियाळो खाटू भलो, ऊनाळो अजमेर, नागाणो नित रो भलो, सावण बीकानेर. थंडीत खाटू चांगलं, उन्हाळ्यात अजमेर, नागौर बारमाही, आणि श्रावण बघावा तर बिकानेरचा. मला तेव्हा त्या दोह्याची गंमत वाटली होती, की वाळवंटातल्या माणसाने आपल्याच वाळवंटाचा सगळ्यात सुंदर महिना म्हणून पावसाळा निवडावा. आता वाटतं, दुसरं काय निवडणार तो? आम्ही आकाश निरभ्र असावं म्हणून जातो. त्याला आकाश भरून आलेलं हवं असतं. तोच पाऊस कधी उलटतोही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात इतका पडला की कवाससारखी गावं बुडाली, आणि ते पाणी कितीतरी दिवस उतरेना. वाळवंटात माणसं पाण्यात बुडून गेली ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती तेव्हा मुलांना ती खरीच वाटली नव्हती. वाळवंटात कोरड्या ओढ्यात तंबू टाकू नये, हे मी त्या दिवसापासून मुलांना सांगते. सातपुड्यातल्या नाल्यांनाही तेच लागू. पाऊस आपल्या डोक्यावर नसतो, वर कुठेतरी डोंगरात पडून गेलेला असतो आणि त्याचा लोंढा चांदण्यात येतो.

कच्छचं रण आणखी निराळं. तिथे ऋतू म्हणजे पाणी आणि मीठ यांची पाळी. पावसाळ्यात ते पाण्याखाली असतं, दसरा-दिवाळीच्या सुमारास आटत जातं आणि मग मीठ वर येतं. पाणी पुरतं आटायच्या आत गेलं तर पांढऱ्याखाली चिखल लागतो. मी गेले होते तेव्हा तसाच लागला, घोट्यापर्यंत. रणोत्सव थंडीतच का असतो, हे त्या चिखलाने मला कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट शिकवलं.

आणि लडाखने तर माझे रकानेच पुसून टाकले. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी, जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे होतो. डोंगर म्हणाल तर डोंगर, वाळवंट म्हणाल तर वाळवंट. नुब्रा खोऱ्यात हुंदरला वाळूच्या टेकड्या, आणि मागे बर्फ. तिथे डिसेंबर-जानेवारी असं उत्तर देणाऱ्या माणसाला कुणी वेड्यात काढेल. जून ते सप्टेंबर एवढाच तिथला उघडा काळ. त्यातही दिवसाचे ऋतू वेगळे. उन्हात बसलं की कातडी भाजायची आणि चार पावलांवर सावलीत गेलं की स्वेटर घालावा लागायचा. ओढा सकाळी ओलांडायचा, दुपारनंतर नाही, कारण दिवसभर बर्फ वितळून संध्याकाळी पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चारला मांडीपर्यंत आलेलं मी पाहिलं आहे. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या लेहमध्ये ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री ढगफुटी झाली होती. आम्ही गेलो तेव्हाही तिथली माणसं त्या रात्रीबद्दल बोलताना आवाज खाली करत होती.

हे सगळं मला माहीत होतं. मग भरिताच्या जाळापाशी मी ते एका शब्दाचं उत्तर का दिलं?

कारण मला जे गोड लागलं तेवढंच आठवलं. जे नीट लागलं नाही ते मी मागे सारलं होतं, आणि त्यातली एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. एप्रिल संपत आला होता. पेपर तपासून झाले होते, निकाल लागायचा होता, मधले तीन दिवस मोकळे होते. आम्ही सातपुड्यात यावलच्या वरच्या अंगाला गेलो. वनखात्याच्या परवानगीने एका पाड्याजवळ मुक्काम होता. एप्रिलचा सातपुडाही मी वाईट म्हणणार नाही. पळस झडून गेलेला असतो, साग उघडा पडलेला असतो, त्यामुळे डोंगराची हाडं दिसतात. मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात, पिवळट, रसाने भरलेली, आणि सगळ्या रानाला आंबूस गोड वास येतो. त्या वासाने अस्वलंही येतात, म्हणून मोहाखाली कधी झोपायचं नाही, हे पाड्यावरच्या पोरांनीच आम्हाला पहिल्याच संध्याकाळी बजावलं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात नटूनथटून नाचणारी हीच माणसं एप्रिलमध्ये फारसं बोलत नाहीत. उन्हात बोलायलाही पाणी लागतं.

पाड्याच्या खाली नाल्याच्या कोरड्या पात्रात एक झिरा होता. वाळूत कोपरभर खोल उकरलेला खड्डा. तळाशी पाणी हळूहळू झिरपत येतं, आधी गढूळ, मग निवळतं. ते वाटीने हळूच उचलून हंड्यात ओतायचं, आणि पुन्हा साचायची वाट बघायची. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यात उतरलो तेव्हा झिरा काठोकाठ भरला होता. कुणी नव्हतं. किती निर्मळ पाणी, म्हणून आम्ही तोंड धुतलं, चहाचं पातेलं आणि खिचडीचं भांडं वाळूने घासून त्याच पाण्याने विसळलं, एकीने पाय धुतले. मी शेवटची वाटी घेऊन मान ओली केली आणि वर बघितलं. काठावर एक बाई हंडा कमरेवर घेऊन उभी होती. केव्हाची उभी होती कोण जाणे. माझ्याच वयाची असेल. ती रागावली नाही. खाली उतरली, खड्ड्यापाशी उकिडवी बसली आणि आत डोकावून म्हणाली, "रातभराचं होतं." मग तिने हंडा बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी वाळू आणखी खोल उकरायला लागली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू दे बाई, पाणी गढूळ होईल." आम्ही चौघी तिथेच उभ्या राहिलो. ती बसून राहिली. पाणी यायला लागलं, पण ते मातीच्या रंगाचं होतं. ते निवळायची ती वाट बघत होती आणि तिच्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

आमच्या बाटल्यांमधलं उरलेलं पाणी आम्ही तिच्या हंड्यात ओतलं. ते तिने घेतलं. त्याने काही फिटलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या डोंगरात एप्रिलमध्ये रात्री हवा छान सुटते, डास नसतात, चांदणं स्वच्छ असतं, आणि तरीही तो मुक्कामाचा काळ नव्हे, हे मी आता ठामपणे म्हणेन. जिथे गावालाच पाणी रातभर जमवावं लागतं तिथे चार माणसं आपली भांडी घेऊन पाहुणी जात नाहीत. जायचंच तर दसऱ्यानंतर जावं. पाऊस नुकताच गेलेला असतो, नाले वाहते असतात, झऱ्यांना धार असते, गवत कमरेएवढं आणि सोनेरी. अस्तंब्याची यात्रा धनत्रयोदशीलाच का भरते याचं शास्त्र मला माहीत नाही, पण तो डोंगर चढताना वाटेवर पाणी मिळतं आणि रात्रीची थंडी अजून बाळ असते, एवढं मी स्वतः अनुभवलंय. जखमेवर घालायला तेल मागत हिंडणाऱ्या अश्वत्थाम्याच्या भेटीला जाणारी ती माणसं रात्रीची चालतात. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या खांद्यावर लहान मूल. कुठेही बसतात, कुठेही जरा डोळा लावतात, उठतात, चालायला लागतात. तंबूचा विचारही त्यांच्या मनात येत नाही.

या सगळ्या आठवणींना डिसेंबरमध्ये बाहेर काढलं ते आबांच्या त्या एका वाक्याने. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली. जळगावात सकाळी आठला शाळेच्या ग्राउंडवर मुलं प्रार्थनेला उभी राहिनात. दादाचा फोन आला नाही, म्हणून मीच केला. वहिनीने उचलला. म्हणाली, दोघं बागेत आहेत. मी शुक्रवारी संध्याकाळी एसटीने चोपड्याला गेले. भाचाही पुण्याहून आला होता, तंबू घेऊन. त्याला खरं तर मित्रांबरोबर पालच्या जंगलात जायचं होतं. त्याने तो बेत का मोडला ते मी विचारलं नाही. त्याने तंबू आमच्या बागेच्या बांधावर टाकला.

केळीची थंडी मी लहानपणापासून बघत आलेय आणि तरी त्या रात्री पहिल्यांदा बघितली. पारा दहाच्या खाली गेला की केळ वाढणं थांबवते. पानं पिवळी पडतात, कडा करपतात, चरका बसतो. निसवणीला आलेल्या झाडाचं सगळ्यात वाईट. घड पोग्यातून बाहेर यायचा असतो आणि तो गळ्यातच अडकतो. आबांनी बॅटरी वर करून एक झाड मला दाखवलं. खोडाचा वरचा भाग फुगून तिरका झाला होता, आणि एका बाजूने केळफुलाचं कमळ अर्धवट बाहेर डोकावत होतं, जांभळं, वाकडं, आवळलेलं. आबांनी त्याला हात लावला नाही. "बाळंतीण अडकनी," एवढंच म्हणाले. मग मला खालच्या वाफ्यांकडे घेऊन गेले. शेताला नाल्याकडे किंचित उतार आहे, मला तो लहानपणी पतंग उडवतानाही कधी जाणवला नव्हता. वरच्या बाजूची झाडं बरी होती. खालच्या चार ओळी मात्र पार कोमेजल्या होत्या. आबा म्हणाले, थंडी इथे येऊन बसते, पाण्यासारखी. मी तोरणमाळला खोलगट जागेत बसून जे शिकले, ते आबा या चार ओळींवरून कितीतरी वर्षं ओळखून होते. मला सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही.

रात्री अकरानंतर शेताची लाईट येणार होती. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, ते बागेत सोडलं की मुळांना ऊब राहते. आणि पहाटे, सगळ्यात कडक वेळेला, बांधाच्या चारी बाजूंनी ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा. नुसता जाळ नको, धूर हवा, झाडांवर पांघरूण घातल्यासारखा. आभाळ स्वच्छ असलं की थंडी जास्त, ढग आले की आबांना बरं वाटतं. चांदणं बघायला मी शेकडो मैल गेले, आणि ज्या रात्री ते चांगलं दिसतं त्याच रात्री माझा बाप झोपत नाही. हे मी आधी कधी जोडून बघितलं नव्हतं.

मी आणि भाचा तंबूत आडवे झालो. झोप कुणालाच नव्हती. त्याने हळूच विचारलं, "आत्या, मग बेस्ट सीझन कोणता?" मी त्याला झिऱ्यावरच्या बाईची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा. तो काही बोलला नाही. बाहेर वाफ्यातून पाणी सरकत गेल्याचा आवाज येत होता, दादा फावड्याने बारं मोडत होता. कापडाच्या आतून थेंब धरायला लागले होते. केव्हातरी डोळा लागला असेल, कारण एकदम आबांचा आवाज कानाशी आला. "उठा रे पोरेसहो. धूर करानी येळ झाई."

साडेतीन वाजले होते. आम्ही चौघं चार कोपऱ्यांना गेलो. ओल्या पाल्यावर कोरड्या काट्या, त्यावर पुन्हा ओला पाला. माझा ढीग सारखा भडकायचा, मग आबा लांबूनच ओरडायचे आणि मी त्यावर ओलं गवत टाकायचे. हळूहळू धूर उठला, झाडांच्या उंचीपर्यंत चढला आणि तिथे थांबला. वारा नव्हता. वर चांदण्या होत्या, खाली धूर होता आणि मधल्या पट्टीत केळीची फाटकी पानं काळी, स्तब्ध. डोळ्यांतून पाणी येत होतं. भाचा खोकत होता आणि तरी आपल्या कोपऱ्यावरून हलत नव्हता. पहाट होईपर्यंत असंच चाललं.

उजाडताना वहिनी चहा घेऊन आली. आबा बांधावरून चालत तंबूपाशी आले. त्यांनी वरच्या कापडावर तळहात फिरवला, ओला झाला तो बघितला, वाकून आत डोकावले.

"याना मझार कितला जन मावतस?"

"तीन, आबा," भाचा म्हणाला.

आबांनी चपला बाहेर काढल्या, एकीवर एक नीट ठेवल्या आणि आत जाऊन बसले. मग हात बाहेर काढून चहाचा पेला मागितला.